ऑब्सिडियन प्रकल्पाच्या नोंदी: दगड आला कुठून आणि त्याने कापलं काय

१० फेब्रुवारी २०२५

आजपासून नोंदी. काम काय आहे ते आधी लिहून ठेवते म्हणजे मधे कुठे भरकटायला नको.

अनातोलियातल्या, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या, नवाश्मयुगीन वस्त्यांमध्ये ऑब्सिडियनची (काळी, चकचकीत ज्वालामुखी काच) हत्यारं ढिगाने सापडतात. त्यांच्यावर दोन प्रकारचं काम झालंय. काही लोकांनी दगड रासायनिकदृष्ट्या तपासून तो कुठल्या डोंगरातला ते काढलं, आणि काहींनी धारेवरच्या खुणा मायक्रोस्कोपखाली बघून त्याने काय कापलं, काय खरवडलं ते काढलं. पण ही दोन्ही उत्तरं बहुतेक वेळा वेगवेगळ्या पेपरात, वेगवेगळ्या तक्त्यात पडलेली असतात. एकाच पात्याचा डोंगरही माहितीये आणि कामही माहितीये असं फार क्वचित होतं.

माझं म्हणणं असं की नुसता डोंगर कळून भागत नाही. दगड दोनशे किलोमीटरवरून आला हे कळलं, बरं मग? तो ओबडधोबड गोळा म्हणून आला की अर्धवट घडवलेला की थेट तयार पातं म्हणून, आणि आल्यावर त्याने रोजचं कापाकापीचं काम केलं की कुणाच्या तरी थडग्यात गेला, हे कळल्याशिवाय त्या दोनशे किलोमीटरचा अर्थ लागत नाही. म्हणून एकच तक्ता करायचा: डोंगर, कुठल्या रूपात आला, कसा फोडला, काय केलं त्याने. छापील डेटा गोळा करणं हा अर्धा भाग, आणि उरलेला अर्धा म्हणजे स्वतः पाती काढून, वापरून, खुणांचा संदर्भसंच तयार करणं.

मॅडम म्हणाल्या, "तक्ता मोठा करू नकोस, खोल कर." बरोबर आहे त्यांचं.

१४ फेब्रुवारी

ऑब्सिडियनला पत्ता का असतो हे ज्युनिअर मुलांना समजावून सांगायचं होतं, तेच इथे टाकते.

सिलिका भरपूर असलेला लाव्हा (साधारण ७० टक्क्यांच्या वर) खूप घट्ट असतो आणि तो झटकन गार झाला की आतल्या अणूंना स्फटिक बनवायला सवडच मिळत नाही, त्याची काच होते. ही काच जवळपास एकजिनसी असते. एका उद्रेकातल्या एका प्रवाहात बेरियम, झिर्कोनियम, रुबिडियम, स्ट्रॉन्शियम असली अत्यल्प प्रमाणातली मूलद्रव्यं सगळीकडे साधारण सारखीच सापडतात, पण शेजारच्या दुसऱ्या ज्वालामुखीत ती वेगळी असतात. चकमकीच्या दगडाचं असं होत नाही, एकाच थरात हात-दोन हातावर रसायन बदलतं त्यामुळे त्याचा उगम शोधताना जीव जातो. शिवाय हत्यारं बनवण्याजोगं ऑब्सिडियन जगात मोजक्याच ठिकाणी मिळतं. उगम मोजके, आतून एकजिनसी, एकमेकांपासून वेगळे. यापेक्षा सोयीचा दगड पुरातत्त्वाला मिळाला नसता.

हे पहिल्यांदा नीट करून दाखवलं ते भूशास्त्रज्ञ जो कॅन आणि पुरातत्त्वज्ञ कॉलिन रेन्फ्रू यांनी, १९६४ च्या पेपरात, ऑप्टिकल एमिशन स्पेक्ट्रोस्कोपी (नमुन्यातून निघणाऱ्या प्रकाशावरून मूलद्रव्यं मोजायची पद्धत) वापरून. बेरियम एका अक्षावर आणि झिर्कोनियम दुसऱ्यावर मांडलं की उगमांचे गट आपोआप सुटे पडतात. नंतर डिक्सन त्यांच्यात आले आणि १९६६ व १९६८ मध्ये त्यांनी हीच पद्धत पश्चिम आशियाला लावली. रेन्फ्रू नोव्हेंबर २०२४ मध्ये गेले. आज त्यांचे जुने आलेख परत काढून बघितले, आत्ताच्या मशीनपुढे त्यांची अचूकता कमीच, पण प्रश्न विचारायची पद्धत अजून तीच आहे, साठ वर्षांनीही आपण त्याच अक्षांवर ठिपके टाकतोय.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. सेर्गेई सेम्योनोव्ह या रशियन संशोधकाने हत्यारांवरच्या वापराच्या खुणा मायक्रोस्कोपखाली वाचायचं शास्त्र उभं केलं, त्याचं पुस्तक रशियनमध्ये १९५७ ला आलं आणि इंग्रजीत १९६४ ला. म्हणजे "कुठून आला" आणि "काय केलं" हे दोन्ही रस्ते इंग्रजी वाचकांपुढे एकाच वर्षी खुले झाले आणि तरीही पुढे कितीतरी दशकं ते समांतरच चालले.

२१ फेब्रुवारी

नकाशा पूर्ण. दोन मोठे प्रदेश.

पहिला मध्य अनातोलियातला कॅपाडोशिया. ग्योल्लु दाग, नेनेझी दाग, आजीग्योल. इथला दगड काळा ते राखाडी, पातळ कडा उजेडात धरली तर आरपार दिसतो. दुसरा पूर्वेकडचा, बिंग्योल आणि वान सरोवराच्या काठचा नेमरुत दाग. (हा नेमरुत म्हणजे दगडी पुतळ्यांची मुंडकी असलेला प्रसिद्ध नेमरुत नाही, तो वेगळा, पश्चिमेला आदियामानकडे. फोटो शोधताना हमखास गल्लत होते, म्हणून तक्त्यात "नेमरुत-वान" असंच लिहायचं.) पूर्वेकडच्या काही दगडात झिर्कोनियम प्रचंड, हजार पीपीएमच्या (दर दहा लाख भागांत किती भाग) पार, आणि उजेडात धरला की हिरवट झाक दिसते. रेन्फ्रू मंडळींच्या वर्गवारीतला हा ४सी गट.

रंगावरून उगम ठरवायचा मोह सगळ्यांना होतो, जुन्या उत्खनन अहवालांत तर सर्रास दिसतो. हिरवट असेल तर पूर्वेकडचा म्हणायला निदान काही आधार तरी आहे. राखाडीवरून मात्र काहीच सांगता येत नाही, ग्योल्लु दाग आणि नेनेझी दाग डोळ्यांनी वेगळे करणं म्हणजे अंदाजपंचे. असल्या नोंदी तक्त्यात घेणार, पण "रंगावरून" असा शेरा मारून.

३ मार्च

मशीन मिळालं. हातात धरायचं एक्स-रे फ्लुरोसन्स यंत्र, पीएक्सआरएफ. दगडावर एक्स-रे मारायचे, आतले अणू उत्तेजित होऊन आपापल्या ठरावीक ऊर्जेचे एक्स-रे परत सोडतात, ते मोजायचे. दगडाला ओरखडासुद्धा पडत नाही म्हणून म्युझियमवाले हे करू देतात. लेझरने कणभर जागा जाळून मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये घालायची पद्धत जास्त बारीक आहे, पण तिच्यासाठी वस्तू लॅबमध्ये आणावी लागते आणि सूक्ष्म का होईना खड्डा पडतो.

लॅबमधल्या भूशास्त्रीय नमुन्यांवर सुरुवात केली, हे थेट डोंगरावरून गोळा केलेले त्यामुळे पत्त्याची खात्री. रोज सकाळी आधी आरजीएम-२ हा अमेरिकन भूसर्वेक्षणाचा प्रमाण नमुना, तोही ऑब्सिडियनसारख्याच रायोलाइटी काचेचा, त्याचे आकडे नेहमीच्या रेंजमध्ये आले तरच पुढे. स्ट्रॉन्शियम आणि झिर्कोनियम मांडलं की ग्योल्लु दागचा पूर्वेकडचा भाग आणि नेनेझी दाग लख्ख वेगळे दिसतात, नेनेझीत स्ट्रॉन्शियम कितीतरी पट जास्त. रंगाने ज्यांनी दाद दिली नाही ते दोन डोंगर इथे एका मिनिटात सुटे झाले, हे स्क्रीनवर बघताना खरंच भारी वाटतं.

अडचण बारीक पात्यांची. झिर्कोनियम, निओबियमचे एक्स-रे जोरकस असल्यामुळे ते दगडात बरेच खोलवर जाऊन येतात, म्हणून पातं दोन-तीन मिलिमीटरपेक्षा पातळ असलं की किरण आरपार जातात आणि आकडा कमी येतो. पात्याचं रसायन बदललेलं नसतं, फक्त दगडच पुरेसा जाड नसतो. यावर उपाय म्हणजे सुटे आकडे न घेता गुणोत्तरं घ्यायची, रुबिडियम भागिले झिर्कोनियम वगैरे. आणि दाबाने काढलेली (म्हणजे न ठोकता, काठीच्या टोकाने दाब देऊन सुटी केलेली) सुबक पाती नेमकी अशीच पातळ असतात! म्हणजे ज्या तंत्राचा मला सगळ्यात जास्त रस त्याच तंत्राची पाती मोजायला सगळ्यात अवघड.

५ मार्च

नेमरुत-वान आणि बिंग्योलचा हिरवा दगड. दोघांत अंतर दीडशेएक किलोमीटर आणि रसायन जवळपास जुळं. नुसत्या झिर्कोनियमने भागत नाही, लोह आणि अॅल्युमिनियमही सोबत बघावं लागतं. जुन्या पेपरांत "नेमरुत किंवा बिंग्योल" असंच असेल तर तसंच ठेवायचं, आपल्या मनाने एक निवडायचं नाही.

१९ मार्च

चातालह्योयुक. आठवडाभर याच्यातच आहे आणि कंटाळा यायचं नाव नाही.

कोन्याच्या मैदानातली ही वस्ती साधारण इ.स.पू. ७१०० ते ६००० च्या दरम्यानची. १९६१ ते ६५ मध्ये जेम्स मेलार्टने खणली, मग १९९३ पासून पंचवीस वर्षं इयन हॉडरच्या टीमने. घराला घर चिकटलेलं, गल्ल्या नाहीत, छपरातून शिडीने आत उतरायचं. जमिनीखाली त्याच घरातली माणसं पुरलेली.

मेलार्टला एका भिंतीवर चित्र सापडलं, खाली घरांसारखे चौकोन आणि वर दोन टोकांचा डोंगर, त्यातून काहीतरी उसळतंय. त्याने तो हसन दागचा उद्रेक मानला. काहींच्या मते ते बिबट्याचं कातडं आहे, वाद अजून मिटलेला नाही. २०१४ मध्ये हसन दागवरच्या प्युमिसमधल्या (हलका, सच्छिद्र ज्वालामुखी दगड) झिरकॉन या खनिजाचं वय काढलं ते साधारण ९००० वर्षांपूर्वीचं आलं, पुढेमागे ६०० वर्षं. म्हणजे उद्रेक खरोखर त्या काळात झाला असू शकतो. मेलार्टला वाटायचं यांचं ऑब्सिडियनही तिथूनच येत असणार. पण रसायनाने सांगितलं की नाही, दगड त्याच्या पलीकडून येतोय, ग्योल्लु दाग आणि नेनेझी दागवरून, दीडशे-दोनशे किलोमीटरवरून. भिंतीवर एक डोंगर (असलाच तर) आणि हातात दुसऱ्याच डोंगराचा दगड. मला हे फार ओढ लावणारं वाटतं, कारण दगड आणायला जाताना हसन दाग वाटेत दिसणारच, सव्वातीन हजार मीटरचा आहे तो.

आता मुद्द्याचं. सुरुवातीच्या थरांत ग्योल्लु दागचा दगड जास्त. तो येतो तो मोठ्या, अर्धवट घडवलेल्या तुकड्यांच्या रूपात, ज्यातून पुढे भाल्याची पानं बनवता येतील. आणि हे तुकडे घरात जमिनीखाली खड्डा करून, बहुतेक चुलीच्या किंवा भट्टीच्या जवळ, पुरून ठेवलेले सापडतात. गरज लागेल तसा काढायचा, घडवायचा, वापरायचा. काही पुरलेले तसेच राहून गेले म्हणून आपल्याला मिळाले. आपल्याकडे पूर्वी जमिनीत हंडा पुरून ठेवायचे तसलाच प्रकार, फक्त हा हंडा वरचेवर उघडला जायचा.

मग साधारण इ.स.पू. ६५०० च्या आसपास चित्र बदलतं. ठोकून काढलेल्या आखूड पात्यांऐवजी दाब देऊन काढलेली लांब, सरळ, समांतर कडांची पाती वाढतात. आणि त्याच सुमाराला नेनेझी दागचा दगड वर येतो. म्हणजे डोंगर बदलला, तंत्र बदललं, आणि वस्तू गावात यायचं रूपही बदललं, हे सगळं साधारण एकाच वेळी! आता कुणी फक्त रसायनाचा तक्ता बघितला तर तो म्हणेल, उगम बदलला. फक्त दगडकामाचा बघितला तर म्हणेल, नवीन तंत्र शिकले. दोन्ही शेजारी ठेवल्यावर प्रश्न वेगळाच होतो: दाबाने पाती काढायला हात कसलेला लागतो, घरोघरी प्रत्येकाला ते जमणार नाही, मग ही पाती कोण काढत होतं आणि त्या माणसाचं नेनेझीशी नातं काय? मला याचं उत्तर हवंय, निदान प्रश्न तरी नीट मांडता आला पाहिजे.

थोडे तुकडे तर पूर्वेकडचे निघालेत, बिंग्योल-नेमरुतकडचे, साडेसहाशे किलोमीटरहून लांबचे. दारात चांगला दगड असताना ते इतक्या लांबून का आले असतील? कापायला नक्कीच नाही. आणि याच्या उलटही आहे, ऑब्सिडियन इथे रोजचं होतं आणि चकमक दुर्मिळ, म्हणून मेलार्टला मिळालेला तो सर्पाकृती हाडाच्या मुठीचा सुंदर खंजीर चकमकीचा आहे, ऑब्सिडियनचा नाही. दुर्मिळ काय ते गाव ठरवतं.

२ एप्रिल

ग्योल्लु दागच्या उतारावर, क्योमुर्जू गावाजवळ, कालेतेपे म्हणून जागा आहे. इथे नवाश्मयुगातली दगडफोडीची कार्यशाळाच सापडली, नूर बाल्कान-आत्ली आणि दिदिए बिंदर यांनी खणली. राहती वस्ती नाही, घरं नाहीत, नुसता कचरा, म्हणजे छिलके, फेकलेले गाभे (ज्या घडवलेल्या गोळ्यातून पाती काढतात तो गाभा), मोडकी पाती यांचे थर. काळ इ.स.पू. नववं-आठवं सहस्रक.

गाभ्याच्या दोन टोकांवरून आळीपाळीने पाती काढायचं तंत्र तिथे वापरलंय आणि ते लेव्हांटकडच्या, म्हणजे सीरिया-पॅलेस्टाइनकडच्या पद्धतीशी जवळचं आहे. गंमत अशी की डोंगराच्या अगदी जवळचं मोठं गाव, मेलेंदिझ नदीकाठचं आशिक्ली ह्योयुक, तिथले लोक नेनेझी दाग आणि ग्योल्लु दागच्याच कायर्ली भागातला दगड वापरत होते, आणि त्यांची फोडायची पद्धत कालेतेपेसारखी नाही. म्हणजे शेजारचं गाव या कार्यशाळेचं गिऱ्हाईक नव्हतं. माल कुठे गेला? दक्षिणेला. आणि समुद्र ओलांडून सायप्रसलाही, शिलुरोकाम्बोसला, जिथे स्वतःचं ऑब्सिडियन मुळात नाहीच. तिथे तयार पाती पोचली, गाभे नाहीत.

खणणाऱ्यांचा अंदाज असा की फिरते, तरबेज कारागीर हंगामात डोंगरावर यायचे. मला पटतो. कारण ज्याला पाती काढायची कला येत होती तो दगडाचा गोळा वाहून नेण्यापेक्षा डोंगरावरच पाती काढून फक्त चांगली तेवढी घेऊन जाईल, वजन किती वाचतं.

तक्त्यात नवीन रकाना: "गाभे सापडले का?" साधा हो/नाही. इतका साधा रकाना पण कित्येक अहवालांत त्याचं उत्तर शोधायला पन्नास पानं उलटावी लागतात.

१६ एप्रिल

पुण्याहून एका मित्राचा मेसेज, आपल्याकडे एवढा लाव्हा, सगळी दख्खनच लाव्ह्याची, मग आपल्याकडे का नाही ही हत्यारं? प्रश्न चांगलाय. दख्खनचा बेसॉल्ट वेगळा, त्यात सिलिका साधारण ५० टक्के, तो पातळ वाहतो, मैलोन् मैल पसरतो, हत्यारं करण्याजोगी जाड काच त्यातून तयार होत नाही. पण त्याच बेसॉल्टमधल्या वायूच्या पोकळ्यांत नंतर कॅल्सेडनी, अगेट साचले, आणि नेवासा, दायमाबाद, इनामगाव इथल्या ताम्रपाषाणयुगीन लोकांनी त्याचीच पाती काढली. गाभ्यावर आधी एक धारदार कणा घडवायचा आणि त्याच्या आधाराने पहिलं लांब पातं उडवायचं, हे तंत्र डेक्कन कॉलेजच्या अभ्यासकांनी छान नोंदवून ठेवलंय. तिथे दगड पायाशीच होता, त्यामुळे "कुठून आला" हा प्रश्न तसा पेटत नाही.

९ मे

दगडफोड सुरू. कायदेशीर विकत घेतलेलं ऑब्सिडियन, पुरातत्त्वीय जागेवरचं नाही. गॉगल, हातमोजे, मांडीवर जाड चामडं, आणि काम उघड्यावर कारण बारीक काचेची धूळ छातीत गेली तर वाईट. आधी गोल गारगोटीने ठोकून गाभा तयार करायचा, मग हरणाच्या शिंगाने कड सारखी करायची, मग टोकाशी तांबं लावलेल्या काठीने दाब.

ऑब्सिडियन फुटतं ते शिंपल्यासारख्या वळणावळणाच्या भेगेत, आणि दगडात स्फटिक नसल्यामुळे भेग कुठे अडत नाही, जिथे जोर दिला तिथून सुळकन जाते. म्हणूनच धार इतकी बारीक येते. पण तेवढंच ते ठिसूळ आहे. कडा आधी घासून बोथट केली नाही तर दाब देताच ती चुरते आणि पातं निघतच नाही. हे घासणं पुस्तकात एका ओळीत येतं, प्रत्यक्षात निम्मा वेळ त्यातच जातो, आणि आता जुन्या पात्यांच्या माथ्यावरच्या घासल्याच्या खुणा बघताना मला त्या माणसाचा हात दिसायला लागलाय.

छिलके सगळे मोजून, पिशवीत. उरलेला कचरा पुरताना त्यात आजचं नाणं टाकायचं, म्हणजे उद्या कुणी तिथे खणलं तर त्याला नवाश्मयुगीन कार्यशाळा सापडल्यासारखं वाटायला नको. सगळे फोडणारे हे पाळतात, पाळलंच पाहिजे.

३० मे

अंतराचा आलेख. रेन्फ्रूचं जुनं निरीक्षण: उगमापासून साधारण ३०० किलोमीटरच्या आत गावांच्या छिलका-हत्यारांत ऑब्सिडियन ८० टक्क्यांच्या वर, आणि त्यापलीकडे प्रमाण झपाट्याने कोसळतं. सातशे किलोमीटरहून लांब, पॅलेस्टाइनमधल्या जेरिकोला ते शेकडा एखादंच. त्याने याचा अर्थ लावला की दगड गावोगाव हातोहात जातो, प्रत्येक गाव आपल्यासाठी थोडा ठेवून उरलेला पुढे देतं.

हे अजून शिकवतात आणि शिकवावंच, पण माझ्या मते टक्केवारीत सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हरवते. जेरिकोचं एक टक्का आणि चातालह्योयुकचं भरभरून प्रमाण हे एकाच रेषेवरचे दोन ठिपके दिसतात, पण एकाकडे घरात खड्डा भरून कच्चा माल आहे आणि दुसऱ्याकडे तयार पातं आहे ज्याला धार गेली तर बदली मिळणार नाही. शिवाय कालेतेपेची पाती सायप्रसला पोचली ती हातोहात घरंगळत गेली असं म्हणणं अवघड आहे, तिथे कुणीतरी ठरवून, नावेत घालून नेलीत.

समुद्राचं म्हणाल तर ग्रीसमधलं उदाहरण याहूनही जुनं. मेलॉस बेटावरचं ऑब्सिडियन मुख्य भूमीवरच्या फ्रँख्थी गुहेत शेती सुरू व्हायच्या कितीतरी आधीच्या थरांत मिळालंय, साधारण १३,००० वर्षांपूर्वीच्या. आणि बेटावर तेव्हा कायमची वस्तीच नव्हती. जो नाव घेऊन जाईल त्याचा दगड. अनातोलियाचा डोंगरही असाच मोकळा होता का, की कुणाचा तरी हक्क होता, हा प्रश्न मॅडमनी काढला आणि आज पूर्ण दुपार त्यातच गेली.

१७ जून

मायक्रोस्कोप. आधी कमी ताकदीचा, कड कुठे तुटलीये ते बघायला, मग वरून उजेड टाकणारा धातुशास्त्राचा, ५० ते ५०० पट.

चकमकीवर गवत-धान्य कापलं की चमक येते, नुसत्या डोळ्यांनी दिसते. ऑब्सिडियन मुळातच चमकतं, त्यामुळे इथे उलटं शोधायचं: चमक कुठे मेली, कुठे पृष्ठभाग निस्तेज, खरखरीत झाला. आणि ओरखडे. काच असल्याने ओरखडे मात्र सुरेख उमटतात, त्यांची दिशा धारेला समांतर असेल तर कापलंय, आडवी असेल तर खरवडलंय.

पण हेच ओरखडे मातीतल्या वाळूने, पायाखाली तुडवल्याने, चाळणीने, आणि सगळ्यात वाईट म्हणजे एकाच पिशवीत सगळी पाती कोंबल्याने पण येतात. एका जुन्या संग्रहातली पाती आली होती, सगळी एकत्र खुळखुळत. कडांवरची ताजी तुटफूट बघून पोटात तुटलं, नऊ हजार वर्षं जमिनीत टिकली आणि आपल्या कपाटात खराब झाली. अशांवर वापराचा निष्कर्ष काढायचा नाही, तक्त्यात "वाचण्याजोगं नाही". उत्खनन करणाऱ्या प्रत्येकाला माझी हात जोडून विनंती आहे, एका पात्याला एक पिशवी. स्वस्त असते हो पिशवी.

चांगल्या पात्यांच्या कडांचे ठसे दातांच्या डॉक्टरांकडच्या सिलिकॉनने घेतले, ते परत बघता येतात.

२५ जुलै

जवाची कापणी. प्रयोगशेतावर जव आणि एकदाण्याचा जुना गहू लावलेला, आज दोन्ही कापणीला आले. पाती लाकडी मुठीत बसवून, डिंक आणि मेण यांच्या मिश्रणाने चिकटवून. सोबत दुसरे गट ओलं कातडं, लाकूड, हाड यांच्यावर.

सुरुवातीला पातं जवातून लोण्यासारखं जातं, ताटं हातात येतायत हे कळतसुद्धा नाही. थोड्या वेळाने बारीक टवके उडतात आणि नंतर मात्र कड एका जागी स्थिरावते, गोलसर होते, आणि तशीच बराच वेळ कापत राहते. मला वाटलं होतं त्यापेक्षा खूप टिकाऊ. जमिनीलगत कापलं तर मातीचे कण लागून ओरखडे भराभर वाढतात, वर कणसाजवळ कापलं तर कमी. म्हणजे ओरखड्यांवरून कापणी किती खाली केली याचाही अंदाज यावा, पेंढा हवा होता की फक्त दाणे! हे चकमकीबद्दल माहीत आहे, ऑब्सिडियनवर स्वतःच्या डोळ्यांनी बघायला मिळालं.

हाडावर मात्र कड लगेच चुरते. कातडं खरवडताना कड छान गोल होते, निस्तेज.

८ ऑगस्ट

चायोन्यू. तुर्कस्तानच्या आग्नेय भागात, एरगानीजवळ, हालेत चाम्बेल आणि रॉबर्ट ब्रेडवुड यांनी खणायला घेतलं ते पण १९६४ लाच. इथे लांब, जाड ऑब्सिडियन पाती मिळतात, दोन्ही कडा तीव्र कोनात घडवलेल्या आणि कडेलगत दाट समांतर ओरखड्यांचे पट्टे. नावच पडलंय चायोन्यू हत्यार. दगड पूर्वेकडचा, बिंग्योलच्या बाजूचा, फार लांबचा नाही.

इतके खोल ओरखडे धान्याने किंवा कातड्याने पडतच नाहीत. पॅट्रिशिया अँडरसन यांच्या खुणांच्या अभ्यासातून निघालं की ही पाती दगडावर चालवली आहेत, मऊ दगडाची कांकणं, भांडी यांना घासून आकार द्यायला. माझ्याकडच्या संदर्भसंचात दगडावर घासलेली पाती ठेवून शेजारी छापील फोटो लावले, पट्टे तसेच, कड तशीच भरडलेली.

मग ही हत्यारं इराकमधल्या जार्मोलाही मिळतात, आणि तिथेही दगडी कांकणं भरपूर. म्हणजे दगडाबरोबर एक काम पण प्रवास करतंय, वस्तू कशी बनवायची त्याची रीत प्रवास करतीये. नुसत्या रसायनाने मला "बिंग्योल" एवढंच सांगितलं असतं. माझ्या प्रकल्पाचं म्हणणं एका उदाहरणात दाखवायचं तर हेच दाखवेन.

२२ ऑगस्ट

न कापणाऱ्या वस्तू. आशिक्लीचं कांकण, इ.स.पू. ७५०० च्या सुमाराचं, ऑब्सिडियनचं, मधून उंचवट्याची कड फिरवलेली आणि आरशासारखं घासलेलं. २०११ मध्ये फ्रेंच संशोधकांनी घर्षणशास्त्राच्या उपकरणांनी त्याचा पृष्ठभाग तपासला तर ती मधली कड कमालीची सममित निघाली. इतक्या ठिसूळ काचेचं कांकण घासून आणताना शेवटच्या दिवशी जरी तडा गेला तरी सगळं वाया. चातालह्योयुकचे आरसे तसेच, किंचित फुगीर, घासून घासून लखलखीत केलेले आणि थडग्यात ठेवलेले.

तक्त्यात यांचं "काम" काय लिहायचं यावर लॅबमध्ये जोरदार चर्चा. जोडीदारीण म्हणाली "शोभेच्या वस्तू" लिही आणि पुढे जा. मला नाही पटलं. आरशावर झिजेच्या खुणा आहेत, म्हणजे तो हाताळलाय, वापरलाय. आम्ही "काम" या रकान्याचे दोन केले: कशावर चाललं, आणि शेवटी कुठे ठेवलं गेलं. पुरलेले तुकडे, थडग्यातले आरसे, उकिरड्यातली मोडकी पाती, सगळ्यांची आता सारखी नोंद होते.

५ सप्टेंबर

तक्त्याचा पहिला मसुदा मॅडमकडे गेला. सगळ्यात रिकामा राहिलाय तो नेनेझी दागच्या दाबाने काढलेल्या पात्यांचा "कशावर चाललं" हा रकाना. रसायन आहे, तंत्र आहे, थर आहे, पण त्याच पात्यांच्या धारा कुणी वाचलेल्या मला छापील सापडल्या नाहीत, आणि मार्चपासूनचा माझा प्रश्न नेमका तिथेच अडलाय. मॅडमनी सुचवलं की नवीन नमुने मागण्यापेक्षा आधीच मोजलेल्या पात्यांच्या कडांचे सिलिकॉन ठसे मागू, ठसे पोस्टाने येतात, पातं जागचं हलत नाही. अर्ज लिहायला घेतलाय. सोबत जवाचे, कातड्याचे आणि दगडाचे आमचे संदर्भ-फोटो जोडतीये म्हणजे पलीकडच्या लोकांना कळेल की ठशांतून आम्ही काय वाचणार आहोत. मोजलेल्या पात्यांची यादी करताना दोन मिलिमीटरपेक्षा पातळ असलेली वेगळ्या रंगात दाखवली, त्यांचा डोंगर गुणोत्तरावरून ठरवलाय हे अर्जातच स्पष्ट असलेलं बरं.